प्रसूतिगृह निवडताना: पुण्यातील दोन ठिकाणच्या तपासणी सेवेचा अनुभव

पुण्यात प्रसूतिगृह निवडताना लोक साधारणपणे डॉक्टरांचे नाव, घरापासूनचे अंतर, नवजात बालकांसाठी अतिदक्षता विभाग आहे की नाही आणि पॅकेजची रक्कम एवढे पाहतात. या कसोट्या योग्यच आहेत. या परीक्षणात मात्र मी आणखी एक कसोटी लावणार आहे, कारण माझ्या भाचीच्या गरोदरपणात त्याच कसोटीची सर्वांत जास्त गरज पडली. गरोदर स्त्रीला घरी नवऱ्याकडून मारहाण किंवा छळ होत असेल, तर तो या ठिकाणी कुणाच्या लक्षात येतो का, आणि लक्षात आल्यावर पुढे काय केले जाते, ही ती कसोटी. भाचीच्या संमतीने लिहीत आहे आणि तिची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. ज्या दोन ठिकाणांविषयी लिहीत आहे, त्यांतील एक शहराच्या पश्चिम भागातील खासगी प्रसूतिगृह आहे आणि दुसरे महापालिकेचे. दोघांचीही नावे देत नाही, कारण जे दोष मला दिसले ते एकाच इमारतीपुरते आहेत असे मला वाटत नाही.

खासगी प्रसूतिगृहाचे वैद्यकीय काम चांगले आहे, हे आधी सांगितले पाहिजे. नोंदणीपासून प्रसूतीपर्यंतच्या तपासण्या, ठरलेल्या सोनोग्राफी, रक्ताच्या चाचण्या, आहारतज्ज्ञांचा सल्ला आणि प्रसूतीपूर्व व्यायामाचे वर्ग हे सारे पॅकेजमध्ये येते. डॉक्टर बाई अनुभवी आहेत, घाई करत नाहीत आणि कोणते औषध कशासाठी दिले ते समजावून सांगतात. जागा स्वच्छ आहे आणि वेळ घेऊन गेल्यास फार ताटकळावे लागत नाही. रक्तदाब, साखर, रक्तगट, थायरॉइड यांत काही कमीजास्त आढळले तर त्याच दिवशी फोन येतो. एवढ्या काळजीने चालणाऱ्या ठिकाणी उरलेली गोष्ट का राहून जावी, हाच माझ्या तक्रारीचा गाभा आहे.

नोंदणीच्या वेळी तिथे एक चारपानी अर्ज भरून घेतात. त्यात आधीची बाळंतपणे, गर्भपात, घराण्यातील आजार, शस्त्रक्रिया, तंबाखू अशा रकान्यांबरोबर तिसऱ्या पानावर खालच्या बाजूला ‘घरी किंवा कामाच्या ठिकाणी काही त्रास, ताण अथवा हिंसा आहे का?’ असा एक प्रश्न आहे आणि त्यापुढे ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोन चौकोन आहेत. अनेक प्रसूतिगृहांच्या अर्जात एवढेही नसते, म्हणून हा प्रश्न छापणाऱ्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण अर्जाची पाटी आणि पेन काउंटरवरच्या मुलीने भाचीच्या नवऱ्याच्या हातात दिले. गरोदर बाईने आरामात बसावे आणि कागदपत्रे नवऱ्याने करावीत, अशी तिथली पद्धत आहे आणि ती सौजन्य म्हणूनच पाळली जाते. भाची शेजारच्या खुर्चीत बसली होती. चारही पाने त्याने त्याच्या नीटस अक्षरात भरली आणि तिसऱ्या पानावरच्या त्या प्रश्नापुढे ‘नाही’च्या चौकोनात स्वतःच्या हाताने बरोबरची खूण केली. खाली सही मात्र तिची घेतली. तो अर्ज आजही तिच्या फाइलमध्ये आहे, आणि पुढे कधी न्यायालयात कुणी विचारले तर रुग्णालयाने विचारणा केली होती व स्त्रीने नकार दिला होता, असाच त्याचा अर्थ निघेल.

असा प्रश्न अजिबात न विचारणे परवडले. घरात मार खाणाऱ्या बाईसमोर मारणाऱ्याच्याच हातून हा प्रश्न आला, की तिला दोन गोष्टी कळतात. या इमारतीत आपले म्हणणे त्याच्यामार्फतच पोहोचणार, आणि आपण काही बोललो तर ते त्याला कळणार. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये जोडीदाराकडून होणाऱ्या हिंसेबाबत आरोग्यसेवकांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत हीच अट आधी घातलेली आहे. खासगीपणे विचारता येत नसेल, विचारणाऱ्याला प्रशिक्षण नसेल आणि उत्तर ‘होय’ आले तर पुढे कुठे पाठवायचे हे ठरलेले नसेल, तर विचारू नये. याच संघटनेच्या 2016 च्या प्रसूतीपूर्व सेवेच्या शिफारशींत गरोदरपणातील तपासण्यांची संख्या किमान आठ असावी असे म्हटले आहे, आणि हिंसेमुळे उद्भवू शकणारी किंवा बिघडू शकणारी लक्षणे दिसत असतील तिथे, मदत देण्याची सोय असल्यास, या शक्यतेची विचारपूस करण्याचा गांभीर्याने विचार करावा असेही सांगितले आहे.

दुसरा प्रसंग रक्तदाब घेतानाचा. सहावा महिना संपत आला होता आणि त्या दिवशी नवऱ्याला कामावरून निघता न आल्यामुळे मी सोबत होते. सिस्टरने भाचीच्या कुर्त्याची डावी बाही वर सरकवली. कोपराच्या वर, दंडाच्या आतल्या बाजूला चार बोटांचे वळ होते, कडेने पिवळे पडलेले आणि मध्ये अजून निळसर. सिस्टरने ते पाहिले, क्षणभर थांबल्या, बाही पुन्हा खाली ओढली आणि म्हणाल्या, “दुसरा हात द्या.” उजव्या दंडाला पट्टा बांधला, आकडा लिहिला, वजन घेतले आणि पुढच्या बाईला हाक मारली. केसपेपरवर रक्तदाब, वजन आणि तारीख एवढेच आले. त्या सिस्टर निर्दय नव्हत्या. त्यांनी बाही ज्या हलक्या हाताने खाली केली, त्यावरून त्यांना काय दिसले ते पुरते कळले होते, याची मला खात्री आहे. पुढे काय बोलायचे, कुठे लिहायचे आणि कुणाला सांगायचे हे त्यांना कुणी शिकवलेले नव्हते.

डॉक्टरांच्या खोलीत एरवी नवरा कायम सोबत असे. ‘झोप लागते का?’ या प्रश्नाला ‘लागते की’ असे उत्तर तोच देई. होणाऱ्या बापाने तपासणीला यावे, बाळाचे ठोके ऐकावेत, हे मला मनापासून मान्य आहे आणि बहुतेक जोडप्यांच्या बाबतीत ते आनंदाचेच असते. पण प्रत्येक भेटीतला प्रत्येक क्षण नवऱ्यासमोर किंवा सासूसमोर गेला, तर बोलायला जागाच उरत नाही. त्या इमारतीत नातेवाइकांना मज्जाव असलेली एकच खोली होती, सोनोग्राफीची. तिथे भाची, डॉक्टर आणि एक मदतनीस एवढेच असत. तो नियम वेगळ्या कारणासाठी असेल, पण विचारपूस करण्यासाठी लागणारा एकांत तिथे आयता मिळत होता आणि तिच्या तिथल्या एकाही भेटीत त्याचा कुणी उपयोग करून घेतला नाही.

याला एरवी घरगुती बाब म्हणून बाजूला सारले जाते, म्हणून त्याची व्याप्ती किती ते सांगणे भाग आहे. 2019 ते 2021 या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 18 ते 49 वयाच्या विवाहित किंवा पूर्वी विवाह झालेल्या स्त्रियांपैकी 29.3 टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा अनुभवल्याचे सांगितले, आणि 3.1 टक्के स्त्रियांनी कोणत्या ना कोणत्या गरोदरपणात मारहाण झाल्याचे सांगितले. घरी आलेल्या सर्वेक्षकाला किती जणी खरे सांगतील हे लक्षात घेतले, तर हा आकडा वरचा नव्हे, खालचा मानावा लागतो. याच सर्वेक्षणानुसार हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी सुमारे 77 टक्के स्त्रियांनी कुणाकडे मदत मागितली नव्हती आणि कुणाला सांगितलेही नव्हते. ज्या बाईने आईलासुद्धा सांगितलेले नसते, ती गरोदरपणात मात्र डॉक्टरांसमोर वारंवार येते. आयुष्यात एवढ्या नियमाने ती इतर कोणत्याही सरकारी किंवा खासगी यंत्रणेसमोर जात नाही. म्हणून माझा सारा रोख प्रसूतिगृहावर आहे.

गरोदरपणातील माराचे परिणाम स्त्रीरोगतज्ज्ञांना नवे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक देशांतील अभ्यासात असे दिसले, की गरोदरपणी मार खाल्लेल्या स्त्रियांपैकी पाव ते निम्म्या स्त्रियांच्या पोटावर लाथा किंवा ठोसे मारले गेले होते, आणि मारणारा बहुतेक ठिकाणी त्या बाळाचा बापच होता. पोटावरच्या आघाताने गर्भाशयातील वार (प्लॅसेंटा) वेळेआधी सुटू शकते, रक्तस्राव होऊ शकतो, बाळ पोटातच दगावू शकते. प्रत्यक्ष घाव पोटावर नसला तरी सततच्या धास्तीने झोप, भूक आणि वजनवाढ यांच्यावर परिणाम होतो, गोळ्या चुकतात, तपासण्या पुढे ढकलल्या जातात. अपुऱ्या दिवसांची प्रसूती, कमी वजनाचे बाळ, गरोदरपणातील आणि बाळंतपणानंतरचे नैराश्य या सगळ्यांशी या हिंसेचा संबंध वारंवार दिसून आलेला आहे. अमेरिकेतील दहा शहरांत झालेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गरोदरपणी मार खाल्लेल्या स्त्रियांच्या बाबतीत पुढे जोडीदाराकडून खून किंवा खुनाचा प्रयत्न होण्याचा धोका सुमारे तिप्पट आढळला. गरोदर बायकोवर हात टाकणारा माणूस अधिक घातक ठरण्याची शक्यता असते, असा याचा सरळ अर्थ आहे.

खासगी प्रसूतिगृहात भाचीच्या फाइलवर लाल शाईत ‘जोखमीची गरोदर’ असा शिक्का होता, कारण तिचा आधी एकदा गर्भपात झाला होता आणि हिमोग्लोबिन कमी होते. मी ती फाइल नंतर घरी शांतपणे वाचली, आणि ज्या गोष्टी अभ्यासकांनी या हिंसेचे जोखीम घटक किंवा तिच्या खुणा म्हणून नोंदवल्या आहेत, त्यांतील बऱ्याच तिथे वेगवेगळ्या पानांवर लिहिलेल्या सापडल्या. नोंदणी उशिरा, पाचवा महिना लागल्यावर झालेली. गर्भधारणा ठरवून झालेली नाही. पहिली मुलगी. दोन तपासण्या चुकवलेल्या, कारण ‘घरगुती अडचण’. वजन अपेक्षेइतके वाढलेले नाही. नवरा मद्य घेतो. पोटात दुखते अशी तक्रार, तपासणीत कारण सापडलेले नाही. एकेक नोंद वेगळी पाहिली तर कुणालाही वावगे वाटणार नाही. सगळ्या एकत्र वाचल्या असत्या, तर एखाद्या अनुभवी व्यक्तीने नक्कीच भाचीला आत बोलावून दार लावले असते.

जोखीम घटकांबाबत एक सावधगिरी बाळगायला हवी, कारण इथे गल्लत फार होते. गरोदरपणात मार बसेल की नाही, याचा सर्वांत ठळक संकेत म्हणजे गरोदरपणाच्या आधी मार बसत होता का, हा. त्यापाठोपाठ नको असताना राहिलेली गर्भधारणा, स्त्रीचे कमी वय, तिला आधार देणारी माणसे जवळ नसणे, नवऱ्याचे मद्यपान, त्याची संशयी आणि सतत पाळत ठेवणारी वृत्ती, लहानपणी स्वतःच्या घरात आईला मार खाताना पाहिलेले असणे, आर्थिक ओढाताण असे घटक येतात. आपल्याकडे त्यांत हुंड्याची किंवा माहेराहून पैसे आणण्याची मागणी आणि मुलगाच हवा हा हट्ट यांची भर पडते. बाळ आपलेच आहे का, असा संशय घेऊन होणारी मारहाण ही तर समुपदेशकांना नेहमी ऐकावी लागणारी गोष्ट आहे. पण यांतील कोणताही घटक मारण्याचे कारण नव्हे. वर सांगितलेल्या सर्वेक्षणात वारंवार झिंगणाऱ्या नवऱ्यांच्या बायकांपैकी सुमारे 70 टक्के जणींनी हिंसा सोसली होती, आणि मुळीच न पिणाऱ्या नवऱ्यांच्या बायकांपैकीही सुमारे 23 टक्के जणींनी. दारू सुटली की सारे सुरळीत होईल, ही सासरच्यांची आणि बरेचदा माहेरच्यांचीही आशा या दुसऱ्या आकड्यापुढे टिकत नाही. शिक्षण वाढते तसे हिंसेचे प्रमाण कमी होते, पण नाहीसे होत नाही. भाची पदवीधर आहे, नवरा हिंजवडीतील कंपनीत चांगल्या पदावर आहे, घर स्वतःचे आहे. काउंटरवरच्या मुलीला त्याच्या हातात पेन देताना काही खटकले नाही, याचे हेही एक कारण असावे.

म्हणूनच निवडक बायकांना विचारण्याऐवजी सगळ्यांनाच विचारावे, असे मला ठामपणे वाटते. ब्रिटनमध्ये सुईणी नोंदणीच्या काळात हा प्रश्न सरसकट विचारतात, आणि त्यासाठी प्रत्येक स्त्रीला किमान एकदा एकटीला भेटण्याचा आग्रह असतो. अमेरिकेत 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, परिचारिकेने समोरासमोर तीन साधे प्रश्न विचारल्यावर सहांपैकी एका गरोदर स्त्रीने गरोदरपणात मारहाण होत असल्याचे सांगितले. आपल्याकडेही उदाहरण आहे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी मिळून ‘दिलासा’ हे केंद्र रुग्णालयाच्या आतच सुरू केले, त्याला आता दोन दशकांहून अधिक काळ झाला. तपासणीला आलेली बाई त्याच आवारात समुपदेशकाकडे जाऊ शकते, तिला पोलीस ठाण्याची पायरी चढण्याआधी कुणीतरी ऐकून घेते.

आता दुसऱ्या ठिकाणाविषयी. सातव्या महिन्यात डोहाळजेवणाच्या निमित्ताने आम्ही भाचीला माहेरी आणले आणि तिथून तिला परत पाठवले नाही. माहेर शहराच्या दक्षिणेला असल्याने जवळच्या पालिकेच्या प्रसूतिगृहात तिचे नाव घातले. तिथे गर्दी असते, सकाळी केसपेपरसाठी रांगेत उभे राहावे लागते, बाके अपुरी आहेत आणि स्वच्छतागृहाबद्दल न लिहिलेलेच बरे. औषधे आणि बहुतेक चाचण्या मोफत असतात, पण काही वेळा चाचणीसाठी दुसऱ्या इमारतीत पाठवतात आणि तेवढ्यात दुपार होते. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, त्या दिवशी तर पाय ठेवायला जागा नसते. खासगी ठिकाणची ऊठबस सवयीची झालेल्या माणसाला हे सारे जड जाते, भाचीलाही गेले.

पण तिथे एक नियम होता. वजन आणि रक्तदाबाच्या खोलीत बाईने एकटीने जायचे. नवरा असो, सासू असो, आई असो, दारातल्या मावशी सगळ्यांना एकाच सुरात “नातेवाईक बाहेर थांबा, जागा नाही” असे सांगत. हा नियम सरसकट असल्यामुळे तो आपल्यासाठी आहे असे कुणालाच वाटत नसे, आणि मारणाऱ्या नवऱ्यालाही संशय घ्यायला जागा राहत नसे. आत बसलेल्या सिस्टर वजनाचा आकडा लिहिता लिहिता विचारत. भाचीने मला नंतर सांगितलेले त्यांचे शब्द असे होते: “ताई, इथं येणाऱ्या सगळ्या बायकांना मी हे विचारते. घरी कुणी अंगावर हात टाकतं का? कुणाची भीती वाटते का?”

पहिल्या वेळी भाची ‘नाही’ म्हणाली. सिस्टरनी आग्रह केला नाही, पुरावा मागितला नाही, तिच्या दंडाकडे टक लावून पाहिलेही नाही. “बरं. कधी बोलावंसं वाटलं तर मी मंगळवारी आणि शुक्रवारी इथंच असते,” एवढेच म्हणून पुढची तारीख दिली. नंतरच्या एका भेटीत भाचीने आपणहून सांगितले. सिस्टरनी लिहिणे थांबवले, दार लोटले आणि ऐकले. ‘यात तुझी काही चूक नाही’ हे वाक्य त्या दिवशी भाचीला एका परक्या बाईकडून ऐकायला मिळाले. आम्ही घरचे ते तिला कितीतरी वेळा म्हणालो होतो, पण माहेरच्या माणसांनी म्हणणे आणि कामावर असलेल्या सिस्टरने म्हणणे यांत फरक आहे, हे मी तिच्या चेहऱ्यावर पाहिले. त्यानंतर सिस्टरनी जे विचारले ते मला फार महत्त्वाचे वाटते. गळा दाबला होता का, जिवे मारण्याची धमकी दिली होती का, मारण्याचे प्रमाण अलीकडे वाढले आहे का, मोठ्या मुलीला धोका आहे का, आणि आज घरी जायला भीती वाटते का. यांतील एकाचेही उत्तर ‘होय’ असेल, तर त्या बाईला तशीच घरी पाठवणे धोक्याचे असते.

याच ठिकाणचे दोषही सांगते, आणि ते केवळ समतोल दिसावा म्हणून सांगते आहे असे कुणी समजू नये. त्यांचा भाचीला प्रत्यक्ष त्रास झाला. प्रसूतिगृहात समुपदेशक नव्हता. सिस्टरनी 181 या महिला हेल्पलाइनचा क्रमांक दिला आणि सखी वन स्टॉप सेंटरविषयी सांगितले, जिथे वैद्यकीय मदत, पोलिसांशी संपर्क, कायदेशीर सल्ला, समुपदेशन आणि काही दिवसांचा तात्पुरता निवारा एकाच छताखाली मिळणे अपेक्षित आहे. मात्र तिथवर भाचीला कोण नेणार, याची काहीच व्यवस्था नव्हती, आणि पोट पुढे आलेल्या बाईने रिक्षा करून अनोळखी कार्यालय शोधत जावे, हे बरोबर नाही. तिथल्या तरुण डॉक्टरांनी तर जखमांची नोंद करायला आधी टाळाटाळ केली. ‘पोलीस केस होईल, आधी तक्रार करून या,’ असे ते म्हणाले.

हे म्हणणे कायद्याला धरून नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम 2005 मध्ये संमत झाला आणि 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. त्याखालील नियमांतील नियम 17 प्रमाणे, स्त्रीने आधी घटना अहवाल (हिंसेची ठरावीक नमुन्यातील लेखी नोंद) नोंदवलेला नाही या कारणावरून रुग्णालयाला उपचार किंवा तपासणी नाकारता येत नाही. अहवाल झालेला नसेल, तर रुग्णालयाच्या प्रमुखानेच तो नमुना 1 मध्ये भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याखाली पीडित स्त्रीच्या मदतीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, पाठवायचा असतो. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने प्रसूतिगृह हेही मदतीच्या साखळीतील एक ठिकाण आहे. पुण्यातील किती प्रसूतिगृहांत हा कोरा नमुना कपाटात ठेवलेला असेल, हा प्रश्न प्रत्येक व्यवस्थापनाने स्वतःला विचारावा. याच अधिनियमाखाली स्त्रीला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, मग घर कुणाच्याही नावावर असो. संरक्षणाचा आदेश, खर्चाची रक्कम आणि मुलांचा तात्पुरता ताबा यांसाठी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, आणि शारीरिक माराबरोबर लैंगिक, शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळही त्यात येतो. नवऱ्याच्या क्रूरतेबद्दलचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 खाली येतो, जो 1 जुलै 2024 पूर्वी 498-अ म्हणून ओळखला जाई. वकिलाच्या फीची चिंता असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, की विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. भाचीला तो मिळाला.

खासगी प्रसूतिगृहाच्या एका सोयीबद्दल स्वतंत्रपणे सावध करायला हवे. त्यांचे मोबाइल ॲप आहे, आणि त्यात तपासणीच्या तारखा, अहवाल, बिले, डॉक्टरांचे संदेश सारे येते. नोंदणी करताना नवऱ्याचा क्रमांक दिला गेला, त्यामुळे भाचीच्या शरीराविषयीची प्रत्येक माहिती आधी त्याच्या फोनवर जात होती. माहेरी आल्यावर आम्ही तिथे एकदा तपासणीची वेळ घेतली, तर तासाभरात त्याचा फोन आला आणि तो त्या वेळी दारात हजर झाला. क्रमांक बदलून देण्यासाठी काउंटरवर ‘मूळ नोंदणी करणाऱ्याची संमती’ मागितली गेली. रुग्ण ती असताना तिच्याच माहितीसाठी त्याची संमती लागावी, याला सौजन्यही म्हणता येत नाही आणि व्यवस्थाही. डॉक्टर बाईंना भेटून सांगितल्यावर त्यांनी तो क्रमांक स्वतः बदलून घेतला, हे त्यांच्या बाजूने नोंदवते. पण हे प्रत्येक बाईला डॉक्टरांपर्यंत पोहोचून करून घ्यावे लागू नये.

पुणे हे या बाबतीत मागे राहणारे शहर नव्हते. 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी इथे बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. गरोदर राहिलेल्या विधवांनी तिथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, असे त्यांनी उघड जाहीर केले होते. त्या काळच्या पुण्यात औषधे आणि उपकरणे फारशी नव्हती. फुले दांपत्य त्या बायकांना देत होते ती सुरक्षित जागा आणि कुणाला न सांगण्याची हमी. आज सोनोग्राफीची उत्तम यंत्रे असलेल्या इमारतीत तेवढीच हमी मिळत नसेल, तर ती मागण्याचा पुणेकरांना पुरेपूर अधिकार आहे, असे मी मानते.

कुणाला प्रसूतिगृह निवडायचे असेल, तर नाव घालण्याआधी फोन करून किंवा जाऊन काही गोष्टी विचाराव्यात. गरोदर बाईला किमान एका भेटीत डॉक्टर किंवा सिस्टर एकटीला भेटतात का, आणि ते सगळ्यांच्याच बाबतीत होते का. अर्ज तिला स्वतःला, वेगळे बसून भरता येतो का. फोन क्रमांक तिचाच घेतात का. समुपदेशक आहे का, नसेल तर ठरलेली संस्था कोणती. हे प्रश्न लेकीसाठी आईने, सुनेसाठी सासूने आणि बायकोसाठी नवऱ्यानेही बिनदिक्कत विचारावेत. ज्या घरात काही वावगे नाही, त्या घराने विचारले तर ज्या घरात आहे त्या घरातील बाईची सोय होते. उत्तर देताना काउंटरवरची व्यक्ती गोंधळली, तर व्यवस्थापनाशी बोलायला हरकत नाही. मी खासगी प्रसूतिगृहाला सविस्तर पत्र दिले, आणि अर्जाचे तिसरे पान यापुढे तपासणीच्या खोलीत सिस्टर भरून घेतील, असे उत्तर त्यांच्याकडून आले आहे. प्रशिक्षण आणि पुढची व्यवस्था याबद्दल त्या उत्तरात काही नाही, म्हणून वैद्यकीय कामासाठी पाचपैकी चार गुण देत असतानाच या एका बाबीसाठी मी त्यांना एकच गुण देते. पालिकेच्या ठिकाणाला स्वच्छता आणि सोयींसाठी दोन, आणि त्या वजनाच्या खोलीसाठी पाच.

ज्या वाचकांना हे स्वतःसाठी वाचावे लागत आहे, त्यांच्यासाठी आणखी थोडे. तातडीचा धोका असेल तर 112, अन्यथा 181. पुणे पोलिसांच्या भरोसा सेलकडे, म्हणजे अशा स्त्रियांना मदत करणाऱ्या कक्षाकडेही, जाता येते. फोनमधील कॉलची नोंद घरी पाहिली जात असेल, तर हे फोन तपासणीला गेल्यावर सिस्टरच्या किंवा आशाताईंच्या फोनवरून करावेत. आधार कार्ड, माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे अहवाल आणि बँकेचे पासबुक यांच्या प्रती माहेरी किंवा विश्वासाच्या मैत्रिणीकडे ठेवाव्यात. आणि जखमांची तपासणी झाली असेल, तर वैद्यकीय अहवालाची प्रत त्याच दिवशी मागून घ्यावी. नियम 17 प्रमाणे ती विनामूल्य द्यावी लागते, आणि भाचीच्या अर्जावर पहिला आदेश मिळाला तो प्रामुख्याने त्याच कागदाच्या आधारावर.